भट्ट अकलंक : दंतकथेतील विजेता आणि ग्रंथांतील विद्यार्थी

भारतातील बौद्ध धम्माच्या ऱ्हासाची चर्चा आपल्याकडे कुमारिल भट्ट आणि शंकराचार्य या दोन नावांपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. ज्याने धर्मकीर्तीच्या ग्रंथांतील कारिकेमागून कारिका समोर ठेवून बौद्ध न्यायाची उलटतपासणी केली, तो दिगंबर जैन आचार्य भट्ट अकलंक मात्र या चर्चेत क्वचितच येतो. आला तरी तो एका कथेच्या रूपाने येतो. ती कथा जैन वाचकाला अभिमानाची वाटते आणि आपल्या वाचकाला अपमानाची. दोघेही ती इतिहास म्हणून स्वीकारतात, हीच आमच्या मते मोठी अडचण आहे. प्रस्तुत लेखात आम्ही ती कथा, तिच्यामागचे पुरावे आणि अकलंकाचे प्रत्यक्ष ग्रंथ यांचा विचार करणार आहोत.

कथा अशी. मान्यखेटच्या शुभतुंग राजाचा मंत्री पुरुषोत्तम. त्याचे दोन पुत्र अकलंक आणि निष्कलंक. बौद्धांचे तर्कशास्त्र शिकावे म्हणून दोघे भाऊ आपला धर्म लपवून एका बौद्ध मठात विद्यार्थी म्हणून राहिले. आचार्यांना संशय आला. जिनप्रतिमा ओलांडण्याची परीक्षा ठेवण्यात आली, तेव्हा प्रतिमेवर सूत टाकून तिला सदोष करून मग ती ओलांडण्याची युक्ती भावांनी केली. अखेर ते ओळखले गेले आणि पळाले. निष्कलंक मारला गेला, अकलंक तळ्यातील कमळांच्या आड लपून वाचला. पुढे हिमशीतल राजाच्या सभेत बौद्ध आचार्यांशी त्याचा सहा महिने वाद चालला. पडद्याआड प्रत्यक्षात आचार्य नसून घटात आवाहन केलेली तारादेवी बोलत होती. अकलंकाने ते ओळखून घटाला लाथ मारली, देवी मौन झाली, बौद्ध हरले. कथेच्या अगदी अलीकडच्या रूपात राजाने बौद्धांना सिंहलद्वीपी हाकलून दिल्याचेही सांगितले जाते.

या कथेचा आधार काय? प्रभाचंद्राचा गद्य कथाकोश अकराव्या शतकातला, नेमिदत्ताचा आराधनाकथाकोश सोळाव्या शतकातला, आणि कन्नडमधील राजावलीकथे तर एकोणिसाव्या शतकातील. शिलालेखीय पुरावा म्हणून श्रवणबेळगोळ येथील मल्लिषेण प्रशस्ती पुढे केली जाते. ती शके १०५० म्हणजे इ.स. ११२९ ची आहे. तीत अकलंक साहसतुंग नावाच्या राजाला उद्देशून बोलतो की, राजे पुष्कळ असले तरी तुझ्यासारखा विरळा, तसे पंडितही पुष्कळ असले तरी माझ्यासारखा नाही. हिमशीतलाच्या सभेतील विजय आणि घट फोडल्याचा प्रसंगही त्याच प्रशस्तीत आहे. अहंकाराने नव्हे, लोकांवरील करुणेने आपण हे केले, असे तेथे अकलंकाच्या तोंडी घातले आहे. परंतु साहसतुंग म्हणजे राष्ट्रकूट दन्तिदुर्ग, हे बहुतेक अभ्यासकांचे मत ग्राह्य धरले, तर दन्तिदुर्गाचा काळ आठव्या शतकाचा मध्य. म्हणजे प्रशस्ती आणि प्रसंग यांत पावणेचारशे वर्षांचे अंतर पडते. इतक्या अंतरावरून कोरलेल्या शब्दांना सभेचा वृत्तान्त म्हणता येत नाही. ते एका गुरुपरंपरेने आपल्या पूर्वजाविषयी बाळगलेले चित्र आहे.

खुद्द अकलंकाच्या जन्माविषयीही ही परंपरा एकमुखी नाही. तत्त्वार्थवार्तिकातील एका श्लोकात तो लघुहव्व नावाच्या राजाचा पुत्र आहे, आणि तो श्लोकही प्रक्षिप्त असावा अशी शंका घेतली गेली आहे. कथाकोशात तो मंत्रिपुत्र आहे. राजावलीकथेत तो कांचीच्या जिनदास ब्राह्मणाचा मुलगा आहे. राजा, मंत्री, ब्राह्मण : चरित्रनायकाला कोणत्या कुळात जन्मास घालावे, याविषयी मध्ययुगीन मनाच्या आवडीनिवडी येथे दिसतात. अकलंकाचा पिता मात्र दिसत नाही. हिमशीतलाचीही तीच गत. एक कथा त्याला कलिंगातील रत्नसंचयपुराचा राजा करते, दुसरी कांचीचा. कांचीच्या पल्लवांच्या ताम्रपटांतून जी वंशावळ उभी राहते, तीत हे नाव नाही.

वेषांतर करून प्रतिपक्षाच्या घरी शिकण्याचा प्रसंग तर आणखी मौजेचा आहे. श्वेतांबर परंपरेत हरिभद्रसूरीचे हंस आणि परमहंस हे शिष्य असेच बौद्धांकडे शिकावयास जातात, असेच ओळखले जातात आणि प्राणास मुकतात. शंकरदिग्विजयात कुमारिल बौद्ध विहारात लपून शिकतो. आणि आपल्याच बाजूला, तिबेटी इतिहासकार तारनाथाच्या ग्रंथात धर्मकीर्ती दासाच्या वेषात कुमारिलाच्या घरी राहून त्याच्या शास्त्राचे मर्म मिळवतो! एकच प्रसंग इतक्या घरी नांदत असेल, तर तो कोणाच्याच घरचा नाही. तो फिरता प्रसंग आहे. हंस-परमहंसाची हत्या खोटी आणि धर्मकीर्तीचे दास्य मात्र खरे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. या सर्व कथांच्या बुडाशी एक कबुली मात्र आहे. प्रतिपक्षाचे शास्त्र त्याच्याच आचार्याजवळ बसून शिकल्याखेरीज त्याचे खंडन करता येत नाही, हे त्या काळी सर्वांनाच ठाऊक होते.

आता बौद्धांच्या हकालपट्टीचा प्रश्न. ती झाली असती, तर तिच्या खुणा राष्ट्रकूटांच्या राज्यात दिसावयास हव्या होत्या. राष्ट्रकूट घराण्यात ज्याला सर्वांत ठामपणे जैन राजा म्हटले जाते, तो अमोघवर्ष पहिला. इ.स. ८१४ पासून सहा दशकांहून अधिक काळ तो गादीवर होता. आदिपुराणकार जिनसेनाच्या चरणी तो नम्र होत असे, असे जिनसेनाचाच शिष्य गुणभद्र सांगतो. याच अमोघवर्षाच्या अधिराज्यात उत्तर कोकणचे शिलाहार मांडलिक होते, आणि त्यांच्या काळातील कान्हेरीचे शिलालेख नवव्या शतकाच्या मध्यापासून शके ७९९ (इ.स. ८७७) पर्यंत तेथील भिक्षुसंघाला मिळालेल्या दानांची नोंद करतात. एक दाता तर थेट गौड देशातून आलेला आहे. अकलंकाच्या कथित विजयानंतर शंभर वर्षांनी, जैन म्हणवल्या जाणाऱ्या सम्राटाच्या छत्राखाली, कृष्णगिरीच्या विहारात चीवरांची आणि ग्रंथांची तरतूद होत होती. तोच अमोघवर्ष प्रजेवरील संकट टळावे म्हणून महालक्ष्मीला आपले बोट अर्पण करतो, असे शके ७९३ चा संजाण ताम्रपट सांगतो. राजाचा धर्म ही एका शब्दात सांगता येण्याजोगी गोष्ट नव्हती.

दन्तिदुर्गाचा एक प्रसिद्ध ताम्रपट कोल्हापूर जिल्ह्यातील सामानगडचा, शके ६७५ चा. तो एका ब्राह्मणाला दिलेल्या दानाचा आहे. त्याच कोल्हापूर प्रदेशात साडेतीनशे वर्षांनी, इ.स. १११० च्या सुमारास, शिलाहार गंडरादित्याने इरुकुडी येथे मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी महादेव, बुद्ध आणि अर्हत् अशा तिघांच्या मंदिरांना जमिनी दिल्या. बाराव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात बुद्धाचे मंदिर बांधणारा राजा होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठेही वाचावयास मिळत नाही. सहा महिन्यांच्या वादात सारा बौद्ध धम्म दक्षिणेतून निघून गेला, या कथेला गंडरादित्याचा एकच ताम्रपट पुरेसा आहे.

याचा अर्थ राज्यसत्तेने काही हिरावून घेतले नाही, असा नव्हे. वेरूळला गेलेल्या वाचकाने दोन ताल व तीन ताल ही बौद्ध लेणी पाहिली असतील. ती साधारणतः सातव्या शतकाच्या अखेरीची व आठव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे जवळपास अकलंकाच्याच काळातील. त्यानंतर तेथे बौद्धांचे नवे मोठे काम झाले नाही. पलीकडचे पंधराव्या क्रमांकाचे दशावतार लेणे मुळात बौद्ध विहार म्हणून कोरावयास घेतले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. दन्तिदुर्गाचा लेख आज त्याच लेण्याच्या अंगणातील मंडपावर आहे. पुढे कृष्णराजाचे कैलास लेणे आणि मग तीस ते चौतीस ही जैन लेणी. टाकी चालवणारे हात कदाचित तेच असतील, द्रव्य देणारे बदलले. वेरूळच्या खडकावर वादसभेचे चिन्ह नाही, आश्रय सरकल्याचे आहे. ऱ्हासाचा शोध घ्यावयाचा असेल, तर तो फुटलेल्या घटात न घेता दानपत्रांत घ्यावा लागेल.

दंतकथेकडून ग्रंथांकडे वळले की निराळाच अकलंक भेटतो. लघीयस्त्रय, न्यायविनिश्चय, प्रमाणसंग्रह, सिद्धिविनिश्चय, तत्त्वार्थवार्तिक आणि समंतभद्राच्या आप्तमीमांसेवरील अष्टशती : या ग्रंथांची भाषा इतकी आटोपशीर आहे की विद्यानंद, अनंतवीर्य, वादिराज, प्रभाचंद्र यांच्या टीकांवाचून पाऊल पुढे पडत नाही. वाचकाची मात्र एका गोष्टीने खात्री पटते. या लेखकाने धर्मकीर्ती ज्या बारकाईने वाचला होता, त्या बारकाईने तो भारतात फार थोड्यांनी वाचला. प्रमाणांची व्यवस्था, अनुमानाची अंगे, वादाचे निग्रह, अगदी ग्रंथांची नावेसुद्धा त्याने बौद्धांच्या वळणावर बेतली आहेत. धर्मकीर्तीचा प्रमाणविनिश्चय, तर अकलंकाचा न्यायविनिश्चय. जैन न्यायाला त्याने जे शास्त्ररूप दिले, ते बौद्ध न्यायाशी भांडता भांडता दिले.

दोघांची एक झटापट प्रसिद्ध आहे. प्रत्येक वस्तू एका अपेक्षेने सर्वरूप आहे असे जैन म्हणत असतील, तर दही खा म्हटल्यावर मनुष्य उंटाकडे का धावत नाही, असा टोला धर्मकीर्तीने प्रमाणवार्तिकात मारला होता. अकलंकाने न्यायविनिश्चयात तो तसाच परतवला. तुमच्या जातककथांप्रमाणे सुगत पूर्वी मृग होते आणि तोच मृग पुढे सुगत झाला. तरी तुम्ही सुगतांना वंदन करता आणि मृगाला खाद्य समजता. एकाच संतानात तुम्ही हा विवेक करू शकता, तर दही आणि उंट यांत तो आम्हांला का करता येऊ नये?

पालीच्या अभ्यासकाला येथे थोडे हसू येते. निग्रोधमिग जातकातील बोधिसत्त्व मृग कोणाच्या ताटात पडत नाही. गर्भिणी हरिणीऐवजी स्वतःची मान पुढे करून तो वाराणसीच्या राजाकडून सर्व प्राण्यांना अभय मिळवतो. पण विनोद बाजूला ठेवून पाहिले तरी अकलंकाचे उत्तर आम्हांला चतुर वाटते, पुरेसे वाटत नाही. मृग आणि सुगत एका प्रवाहातील पूर्वापर अवस्था आहेत. दही आणि उंट तशा अवस्था नाहीत. ती एकाच वेळी असणारी दोन भिन्न द्रव्ये आहेत. धर्मकीर्तीचा प्रश्न वेगवेगळ्या वस्तूंतील सामान्याविषयी होता, अकलंकाने उत्तर दिले ते एकाच वस्तूच्या कालिक सातत्याविषयी. जैन परिभाषेतच बोलावयाचे तर प्रश्न तिर्यक्-सामान्याचा होता आणि उत्तर ऊर्ध्वता-सामान्याचे आले.

अनुमानाच्या बाबतीत मात्र अकलंकाचा घाव वर्मी बसतो, हे मान्य केले पाहिजे. बौद्ध न्यायानुसार हेतू आणि साध्य यांचा अटळ संबंध दोनच प्रकारे सिद्ध होतो. एक तादात्म्याने, म्हणजे शिंशपा आहे म्हणून वृक्ष आहे. दुसरा कार्यकारणभावाने, म्हणजे धूर आहे म्हणून अग्नी आहे. अकलंक विचारतो : कृत्तिका उगवल्या म्हणजे काही काळाने रोहिणी उगवेल, हे आपण निश्चित सांगतो, त्यांत तादात्म्य कोठे आणि कार्यकारणभाव कोठे? तराजूचे एक पारडे वर गेले म्हणजे दुसरे खाली गेले, हे न पाहता कळते. त्यांतील कारण कोणते आणि कार्य कोणते? नक्षत्रांवर पेरणी ठरवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे अनुमान शिकवावे लागत नाही. म्हणून अकलंक म्हणतो की हेतूचे खरे लक्षण एकच, साध्यावाचून त्याचे न घडणे. आणि हा संबंध ग्रहण करणारा तर्क हे स्वतंत्र प्रमाण मानले पाहिजे. बौद्धांनी या उदाहरणांचीही उपपत्ती लावण्याचा प्रयत्न केला आहे, पण ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. आपल्या परंपरेच्या प्रेमापोटी हे झाकण्याचे कारण नाही.

यापुढील मुद्दा आपल्या वाचकांना सर्वांत जवळचा आहे. अकलंक क्षणभंगवादाला पुनःपुन्हा एकच प्रश्न विचारतो. जो कर्म करतो तो पुढच्या क्षणी नाही, जो फळ भोगतो तो कर्म करतेवेळी नव्हता. मग ज्याने केले त्याने भोगले, असे कोणत्या तोंडाने म्हणता? स्मृती कोणाची, बंध कोणाचा, मोक्ष कोणाचा? बाराशे वर्षांनी हाच प्रश्न एका बौद्धाने बौद्धांना विचारला. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांत हा आहे : बुद्धांनी आत्मा नाकारला, तरी कर्म आणि पुनर्जन्म सांगितला असे म्हणतात, आत्माच नसेल तर कर्म कसे आणि पुनर्जन्म कसा? प्रश्नाचे शब्द जवळपास तेच आहेत, उत्तराची दिशा अगदी उलट. अकलंक म्हणतो, म्हणून नित्यानित्य आत्मा माना. बाबासाहेब म्हणतात, म्हणून व्यक्तीला जन्मोजन्मी चिकटणारे कर्म सोडा. पुनर्जन्म भूतद्रव्यांचा आहे, आत्म्याचा नाही. आणि कम्मनियम ही जगाची नैतिक व्यवस्था आहे, पूर्वजन्मीच्या पापाचा हिशेब नव्हे. पूर्वकर्माच्या हिशेबानेच ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांच्या दृष्टीने हा फरक केवळ दार्शनिक नाही. बाबासाहेबांच्या या भूमिकेवर परंपरावादी थेरवादी टीका करतात, तेव्हा आपण घाईने भावनिक उत्तर देतो. आठव्या शतकापासून हा प्रश्न बौद्ध न्यायासमोर उभा होता आणि संतानाच्या उपपत्तीने प्रतिपक्षाचे समाधान कधीच झाले नव्हते, हे दाखवले तर उत्तर अधिक भक्कम होईल. त्यासाठी अकलंक वाचावा लागेल.

राज्यकारभारावरील प्रभावाविषयी अकलंकाच्या ग्रंथांत फारसे काही हाती लागत नाही. तो प्रांत जिनसेनाचा. आदिपुराणात पहिल्या तीर्थंकराला पहिला राजा करून जिनसेनाने राजधर्म, दंड, वर्णव्यवस्था आणि संस्कार यांची अख्खी रचना उभी केली. मनुष्यजाती एकच असून चार भेद केवळ उपजीविकेमुळे झाले, असेही तो म्हणतो. हे वाक्य पुष्कळ ठिकाणी कौतुकाने उद्धृत केले जाते. परंतु त्याच ग्रंथाच्या सोळाव्या पर्वात शूद्रांचे कारू आणि अकारू, कारूंचे पुन्हा स्पृश्य आणि अस्पृश्य असे भेद येतात, आणि अस्पृश्यांना प्रजेबाहेरचे म्हटले आहे. ज्या श्रमण परंपरेने जन्मजात उच्चनीचता नाकारली, तिच्याच राजगुरूच्या लेखणीतून हे उतरावे, याचे कारण राजाच्या शेजारच्या आसनात शोधावे लागते. सिंहासनाला व्यवस्था हवी असते, आणि तयार व्यवस्था ब्राह्मणांची होती.

याच्या शेजारी अकलंकाच्या टीकाकारांची ओळ ठेवून पाहावी. जातीचा अभिमान हे बुद्धीच्या जाड्याचे लक्षण, असे धर्मकीर्तीने म्हटले होते. अकलंकाच्या लघीयस्त्रयावर प्रभाचंद्राने न्यायकुमुदचंद्र ही विस्तृत टीका लिहिली. तीत ब्राह्मणत्व नावाची जाती सिद्धच होत नाही, हे त्याने विस्ताराने मांडले आहे. गायीचे गोत्व जसे दिसते तसे ब्राह्मण्य दिसत नाही. अनादि काळापासूनच्या मातापित्यांची शुद्धी कोणालाच ठाऊक असू शकत नाही. क्रिया आणि संस्कार म्हणावे तर ते कोणीही करू शकतो. हे युक्तिवाद वाचताना ग्रंथ जैन आहे की बौद्ध, हे विसरावयास होते. ज्या ओळीचा आरंभ बौद्धांच्या खंडनाने झाला, तिने बौद्धांचे सर्वांत मोलाचे शस्त्र सांभाळून ठेवले. तर्कग्रंथ सिंहासनापासून दूर होते म्हणून निर्मळ राहिले, असा सोपा नियम मात्र येथे करता येणार नाही, कारण प्रभाचंद्र स्वतः धारेच्या भोजराजाच्या राज्यात लिहीत होता. शिवाय याच ग्रंथात स्त्रीला मोक्ष नाही, हे सिद्ध करण्यासाठी त्याने तितकीच बुद्धी खर्च केली आहे. थेरीगाथा वाचणाऱ्याला ते प्रकरण वाचवत नाही.

या ओळीने युक्तिवादांबरोबर पोथ्याही सांभाळल्या. धर्मोत्तराची न्यायबिंदुटीका खंबायतच्या जैन भांडारातील पोथीवरून १८८९ मध्ये पीटर्सन यांनी छापली. शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह कमलशीलाच्या पंजिकेसह १९२६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड मालेत आला, तोही जैन भांडारांतील पोथ्यांमुळे. अर्चटाची हेतुबिंदुटीका १९४९ मध्ये त्याच मालेत पंडित सुखलालजी आणि मुनी जिनविजयजी यांनी संपादित केली. ज्यांना आपण वैरी म्हणावे अशी दंतकथा सांगते, त्यांच्या कपाटांत आपले आचार्य शेकडो वर्षे वाळवीपासून सुरक्षित राहिले. विहार ओस पडले तेव्हा ती पुस्तके जपणारे दुसरे घर या देशात फारसे उरले नव्हते.

आणि याची परतफेड कशी झाली, तेही पाहण्यासारखे आहे. अकलंकाच्या सिद्धिविनिश्चयाची मूळ पोथी उपलब्ध नव्हती. अनंतवीर्याची टीका तेवढी हाती आली होती, आणि तीत मूळ कारिकांचे शब्द तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. काशी हिंदू विश्वविद्यालयात बौद्ध दर्शन शिकवणारे जैन पंडित महेंद्रकुमार न्यायाचार्य यांनी ते शब्द वेचून मूळ ग्रंथ पुन्हा जुळवला. भारतीय ज्ञानपीठाने तो १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी राहुल सांकृत्यायन तिबेटातून प्रमाणवार्तिक, त्यावरील कर्णकगोमीची टीका आणि प्रज्ञाकराचे भाष्य यांच्या संस्कृत पोथ्या शोधून आले होते. अकलंकाचा पूर्वपक्ष त्या पोथ्यांत होता. टीकेतील कोणता शब्द अकलंकाचा आणि कोणता त्याने खोडण्यासाठी घेतलेल्या धर्मकीर्तीचा, हे महेंद्रकुमारांना त्यांच्याच आधारे पानोपानी वेगळे करता आले.